रविवारचा चढ

भरतेश मगदूमला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तरी दर रविवारी दुपारी तो मटण खात होता.

सगळा भरतेश नव्हे, त्याची डावी किडनी. ती आता कुणा दुसऱ्याच्या पोटात होती आणि त्या दुसऱ्याच्या घरी रविवारी मटण शिजत होतं. भरतेश जन्माने जैन, समडोळीच्या मगदुमांच्यातला, सूर्य मावळायच्या आत ताट वाढलं नाही तर तसाच झोपणारा. त्याच्या बायकोला, त्रिशलाला, हे मटणाचं प्रकरण पहिल्यांदा उमगलं तेव्हा ती आधी हबकली, मग चिडली, आणि मग कुणाला सांगायची सोय नाही म्हणून एकटीच हसली. नंतर बराच वेळ रडलीही, पण ते वेगळं.

हे सगळं तिला मोबाइलवर दिसायचं. कसं, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

त्या वर्षांत 'उभारी' नावाचं इंजेक्शन घरोघरी पोचलं होतं. शरीराची वाढ करणारं जे संप्रेरक लहानपणी मेंदूखालच्या ग्रंथीतून भरभरून पाझरतं आणि चाळिशीनंतर आटत जातं, तेच आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचं. सुटलेलं पोट आत जातं, दंड भरतात, जिना चढताना धाप लागत नाही. लोकांना आणखी काय हवं असतं? पन्नाशीची माणसं सकाळी सांगलीच्या आमराई बागेत धावताना दिसू लागली आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडे संशयाने बघू लागल्या.

अडचण आली ती किडनीच्या तपासणीत. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक कचरा असतो. तो स्नायूंमधून येतो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. रक्तात तो साठलेला दिसला की मूत्रपिंड कमी पडतंय, असं डॉक्टर धरून चालतात. पण उभारी घेणाऱ्याचे स्नायूच वाढलेले, म्हणजे कचरा मुळातच जास्त, आणि धडधाकट मूत्रपिंडही अहवालात आजारी दिसायचं. दुसरीकडे तेच संप्रेरक मूत्रपिंडाकडे जादा रक्त वळवतं, गाळण्याचा वेग वाढवतं, म्हणजे थकलेलं मूत्रपिंडही जोमदार भासायचं. एक चूक इकडे ओढणारी, एक तिकडे. दोन्हींच्या ओढाताणीतून जो आकडा हाती यायचा त्यावर भरवसा ठेवणं कठीण झालं.

म्हणून तीळ आला. तीळ हे लोकांनी ठेवलेलं नाव. तिळाएवढं यंत्र सुईने थेट मूत्रपिंडात बसवायचं. तिथं मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातंय ते तो जागच्या जागी मोजायचा आणि मोबाइलला कळवायचा. त्याला बॅटरी लागत नसे, शरीराच्या उबेवर चालायचा. उभारी घ्यायची तर तीळ बसवायचा, असा नियमच झाला. घरातल्या एका माणसाला 'जोडीदार' म्हणून तो आलेख आपल्या मोबाइलवर बघता यायचा. भरतेशने त्रिशलाचं नाव दिलं होतं.

भरतेशची मार्केट यार्डात हळदीची पेढी होती, पण त्याचा जीव कृष्णेच्या पाण्यात. पावसाळ्यात सांगलीला होड्यांच्या शर्यती होतात. विशीपासून तो आपल्या मंडळाच्या होडीत वल्हं मारायला बसायचा, आणि पन्नाशीला आला तरी उठायला तयार नव्हता. दम पुरेना तेव्हा त्याने उभारी सुरू केली. महिन्याभरात खांदे रुंद झाले आणि आलेख वर निघाला.

"त्रेचाळीसचे एक्कावन्न झाले बघ," तो जेवताना मोबाइल तिच्या ताटाशी सरकवून म्हणाला. "किडनीसुदिक तरणी झाली."

घरात सगळ्यांना आनंद झाला. मिरजेच्या डॉक्टर शहनाज मुजावर यांना मात्र झाला नाही. त्या भरतेशच्या किडनीच्या डॉक्टर. त्यांनी आलेख मागेपुढे सरकवून बघितला आणि विचारलं, "मगदूम, तुम्ही सकाळी लोटाभर दूध पिता ना? त्यानंतर इथं एक बारीक चढ यायचा. तो कुठं गेला?"

मग त्यांनी नवराबायकोला समोर बसवून समजावलं. मूत्रपिंड रोज आपली सगळी ताकद लावत नाही, थोडी राखून ठेवतं. जड जेवण झालं की दोन-तीन तास ती राखीव ताकद बाहेर काढतं आणि पुन्हा निवांत होतं. दुधाने थोडी निघते, मटणाने चांगलीच निघते. निरोगी मूत्रपिंडाची खूण म्हणजे हा जेवणानंतरचा चढ. उभारी ती राखीव ताकदच चोवीस तास कामाला जुंपते. आकडा वाढतो, पण चढायला मागे काही उरत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर आतल्या बारीक चाळण्या एकेक करत फाटत जातात. "आणि गंमत म्हणजे," डॉक्टर म्हणाल्या, "आकडा पार शेवटपर्यंत छान दिसतो. तीळ खोटं बोलत नाही हो. तो कामाचा वेग सांगतो. काम करणाऱ्याचा जीव किती उरलाय, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं."

त्रिशलाने घरी येऊन फ्रिजमधली इंजेक्शनं काढली आणि मोरीत मोडून टाकली. भरतेश दारात उभा राहून बघत होता. आडदांड माणूस, पण आवाज एकदम लहान पोराचा झाला. "बसू दे की मला होडीत. हे एकच वर्ष."

"नाही," ती म्हणाली.

त्याने ऐकलं. होडीतली जागा पुतण्याला दिली. शर्यतीच्या दिवशी तो घाटावर दोर धरून उभा होता. पायऱ्या शेवाळलेल्या. होडी पाण्यात लोटताना त्याचा पाय सरकला आणि डोकं दगडावर आपटलं. नदीत त्याच्या मंडळाची होडी पहिली आली, तेव्हा तो रुग्णवाहिकेत होता. मेंदू मेला आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्रिशलाने आणि मुलीने, चंदनाने, सह्या केल्या. किडन्या, यकृत, डोळे, जे जे चालत होतं ते सगळं दिलं.

होडीत असता तर वाचला असता. हे वाक्य तिने कधी कुणाजवळ उच्चारलं नाही, पण ते तिच्याबरोबर उठायचं आणि तिच्याबरोबर झोपायचं.

सुतक फिटायच्या आत एका दुपारी तिच्या मोबाइलवर आलेख पुन्हा सुरू झाला.

कुणाची किडनी कुणाला गेली हे दोन्ही घरांना कळू द्यायचं नाही, असा कायदा. नाव, गाव, सगळं झाकलेलं. पण तीळ किडनीच्या आतच राहिला होता, त्याला नवी ऊब मिळाली होती, आणि जुना जोडीदार काढून टाकायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्रिशला कितीतरी वेळ त्या हलणाऱ्या रेषेकडे बघत उभी राहिली. माणूस जाळून आलो आणि हा इथं चालतोय, असं तिला वाटलं. मोबाइल मात्र खाली ठेववला नाही.

त्या अनोळखी माणसाला ती मनात 'पावणं' म्हणू लागली. पावणं सकाळी लवकर उठायचं, पाणी भरपूर प्यायचं. कधीतरी ताप यायचा, रेषा थरथरायची आणि त्रिशला मोबाइल उशाशी ठेवून रात्रभर जागायची. आणि रविवारी दुपारी आलेख टेकाडासारखा उंच व्हायचा, अठ्ठावन्नवरून सहासष्टवर, आणि दिवे लागेपर्यंत हळूहळू उतरायचा. बुधवारीही एक लहान टेकाड, बहुधा अंड्यांचं. आषाढाच्या शेवटच्या दिवशी तर रेषा अशी उसळली की त्रिशलाने कपाळावर हात मारला.

एकदा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेली असताना तिने तिथल्या पुजाऱ्यांना, उपाध्यांना, आडून विचारलं, "आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात गेली आणि तिथं तिच्याकडून पाप घडलं, तर ते कुणाच्या खात्यावर?"

उपाध्ये विचारात पडले. "खोली भाड्यानं दिलीय काय? भाडेकरू नीट बघून ठेवायचा असतो, वहिनी."

बरं म्हणून ती घरी आली. संध्याकाळी ऊन असतानाच जेवायला बसायची आणि मोबाइल समोर तांब्याला टेकवून ठेवायची. वर्षभर तिने एकटीने जेवण घेतलं असं झालं नाही. हे बरं नव्हे, हे तिला कळत होतं. भुताखेतांच्या गोष्टीत माणसं भुताला घाबरतात, तिला भूत निघून जाण्याचीच भीती वाटायची.

श्रावण लागला आणि रविवार सपाट झाले. त्यात नवल नव्हतं, श्रावण पुष्कळ लोक पाळतात. पण श्रावण सरला, गणपती आले आणि गेले, तरी टेकाड काही उगवेना. तिकडे बस्तीत पर्युषण चालू होतं. त्रिशला उपास करत होती, आणि इकडे पावण्याची रेषा सपाट तर होतीच, शिवाय वर चढत होती. साठ, सदुसष्ट, चौऱ्याहत्तर. मोबाइल प्रत्येक आकड्याखाली हिरव्या अक्षरांत 'उत्तम' लिहीत होता.

चंदना पुण्याला फिजिओथेरपी शिकत होती. तिचा फोन आला तेव्हा त्रिशलाला राहवलं नाही. "सोडलं गं बाई त्यानं मटण. महिना उलटून गेला, एकही रविवार चुकला नाही. आणि तब्येत तर अशी सुधारलीय!"

"आई, किडनी बसवली म्हणून माणूस जैन होत नसतो."

"संस्कार कुठंतरी मुरतातच की."

चंदनाने वाद सोडून दिला. मग हळूच म्हणाली, "आई, ते पप्पा नाहीत. बंद कर ना ते."

त्रिशलाने विषय बदलला. तिला कळायला हवं होतं. डॉक्टर मुजावरांच्या समोर बसून तिने सगळं ऐकलं होतं, मोरीत इंजेक्शनं तिनेच मोडली होती. पण मेलेला नवरा कुणाच्या तरी पोटात बसून आपला धर्म सांभाळतोय, हे इतकं गोड होतं की दुसरं काही तिला बघायचंच नव्हतं.

त्रिशला पाटबंधारे खात्याच्या पूरनियंत्रण कक्षात कामाला होती. आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी किती, हे बघायचं आणि लोकांना सांगायचं. पितृपक्षात एका सकाळी लख्ख ऊन पडलं होतं आणि पुलाखालचं पाणी चढत होतं. नदीकाठच्या एका बाईचा फोन आला.

"मॅडम, पावसाचा टिपूस नाही, मग पाणी का चढायलंय?"

"वरनं सोडलंय, मावशी," त्रिशला सवयीने म्हणाली. "धरणाचे दरवाजे उघडलेत. इथलं ऊन बघून काय उपयोग नाही."

फोन ठेवून तिने वर बघितलं. समोर भिंतीवर पाण्याची रेषा होती, हातात मोबाइलवर दुसरी. एकोणऐंशी. उत्तम. तिने अंगठ्याने आलेख मागे ढकलला, पावण्याचं वर्ष मागे पडलं, दवाखान्यातली कोरी जागा मागे पडली, आणि भरतेशचा शेवटचा उन्हाळा पडद्यावर आला. तशीच चढण. तसाच सपाट माथा. दुधाचा चढ गेलेला.

कुणीतरी वरून सोडत होतं. पावण्याने मटण सोडलं नव्हतं, उभारी धरली होती.

जे दीड-दोन महिने तिने आनंदाने मोजले ती भरतेशच्या किडनीची फरफट होती. आणि हे दुसऱ्या कुणाला दिसणार नव्हतं. तिकडच्या दवाखान्यातलं यंत्र आकडा खाली गेला तर ओरडतं, वर गेला तर शाबासकी देतं. रक्तातलं क्रिएटिनिन जरा वाढलेलं दिसलं असेल, तर व्यायामाने स्नायू वाढलेत म्हणून सोडून दिलं असेल.

सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे वर्षभर चोरून बघत होते हे कबूल करायचं, आणि मग जोडणी तुटणार. भरतेश दुसऱ्यांदा जाणार, आणि तोही तिच्याच हाताने. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. मागे एकदा तिने एका माणसाला उभारी सोडायला लावली होती. त्याचं काय झालं ते तिने घाटावर बघितलं होतं. ऑफिसातून घरी येताना तिच्या कानात तेच घुमत होतं: बसू दे की मला होडीत.

दोन दिवस ती नुसती ऑफिसात जाऊन आली. तिसऱ्या दिवशी तिला तांब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर घास गिळेना. चौथ्या दिवशी सकाळी तिने रजा टाकली आणि मिरजेची बस धरली.

डॉक्टर मुजावरांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला आणि आलेखावरची तारीख वाचली.

"वहिनी, हे तुम्हाला अजून दिसतंय?"

"होय मॅडम."

"वर्षभर?"

"होय."

"हा गुन्हा आहे. ठाऊक आहे ना?"

"गुन्ह्याचं मागनं बघू. आधी रेषा बघा." त्रिशलाने दोन आलेख एकाखाली एक लावून दाखवले. डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी तिळाचा क्रमांक लिहून घेतला.

"मला कळलं असं मी दाखवलं तर जोडणी आजच तोडावी लागेल."

"तोडा की. पण आधी ते थांबवा." त्रिशलाने मोबाइल त्यांच्याकडे सरकवला. "परत तसं व्हायला नको, मॅडम."

दोन दिवसांनी डॉक्टरांचाच फोन आला. दवाखाना सापडला होता, दुसऱ्या शहरातला. "नाव-गाव विचारू नका. एवढंच सांगते, मुलगी आहे. तुमच्या चंदनापेक्षा लहान."

"मुलगी?" त्रिशला म्हणाली. वर्षभर तिच्या डोळ्यांसमोर एक मिशीवाला पावणा होता, पाटावर बसून रस्सा ओरपणारा.

मुलीचं लहानपण किडनीच्या दुखण्यात गेलं होतं. तशा मुलांची उंची खुंटते, आणि हाडांची वाढही मागे रेंगाळते. म्हणजे अठराव्या वर्षीसुद्धा थोडी उंची शिल्लक असू शकते. तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं. धावण्यात पहिली, गोळाफेकीत पहिली, आणि उंचीत दीड सेंटिमीटर कमी. व्यायामशाळेतल्या कुणीतरी तिला चोरून उभारी आणून दिली होती, मोठ्या मात्रेत. एक सेंटिमीटर वाढलीही होती.

"तिकडचे डॉक्टर समजावून थकले," मुजावर म्हणाल्या. "ती म्हणते, आकडा बघा की. तुमच्या किती रोग्यांचा एवढा आहे? भरती होईपर्यंत सोडणार नाही म्हणते. आईबाप तिच्याच बाजूचे. हिरवं अक्षर दिसतंय ना त्यांना."

त्रिशलाला त्या पोरीचा राग यायला हवा होता. आला नाही. भिंतीला पाठ लावून, केसाकेसाने उंची मोजून घेणारी पोर तिला दिसली. एवढ्या आजारातून उठून अर्धा सेंटिमीटर उरलाय, आणि कुणीतरी परकं माणूस येऊन म्हणतं, नको.

"मॅडम, भरतेशचा आलेख तिला दाखवा. नाव काढून. तीच किडनी, आधीच्या घरातली. बघू दे तिला." ती थांबली. "आणि सांगा, ही किडनी आधीही एकदा अशीच फसवून पळायला लावली होती. तेव्हा ज्याच्याजवळ होती, त्यालाही एक हौस होती. फार मोठी हौस होती. पण त्यानं ऐकलं. त्यानं ऐकलं म्हणून ती धड राहिली आणि तुला मिळाली."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. घाट, शेवाळ, दोर, सगळं तिथंच होतं, त्यातलं काही पुसलं गेलं नाही. पण त्या सगळ्याच्या पलीकडे आणखी एक गोष्ट उभी होती आणि वर्षभरात तिने तिकडे एकदाही बघितलं नव्हतं. ती फोन कानाला तसाच धरून रडू लागली.

मुलीने ऐकलं, असा डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. खूप रडली म्हणे, जेवण टाकलं, पण राहिलेली इंजेक्शनं स्वतः आणून दिली.

"आता काय होईल?" त्रिशलाने विचारलं.

"आकडा उतरेल. किती उतरेल ते आज सांगता येणार नाही. उतरून थांबला, आणि जेवणानंतरचा चढ परत आला, तर समजायचं की आत काहीतरी राखून आहे. नाही आला, तर..." डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं. "आणि वहिनी, 'जोडीदार काढा' असं एक बटण तुमच्याकडेही असतं. मी कळवलं तर चौकशी लागेल. तुम्हीच काढलंत तर कुणी विचारणार नाही. पण काढा."

"चढ दिसेपर्यंत थांबले तर?"

"मटण खायला हरकत नाही, एवढं मी तिकडं कळवलंय. नवरात्र तोंडावर आहे, आता काही खायची नाही. दसऱ्यानंतर खाईल." एवढं बोलून डॉक्टरांनी फोन ठेवला.

नवरात्रात गल्लीत घट बसले आणि त्रिशलाच्या तळहातावर भरतेश उतरू लागला. एकाहत्तर. बासष्ट. चोपन्न. हिरवी अक्षरं पिवळी झाली. तिने एकदा अतिदक्षता विभागात काचेपलीकडे असेच आकडे उतरताना बघितले होते आणि तेव्हाही तिच्या हातात काही नव्हतं. आता तर हे तिनेच सुरू केलं होतं. पन्नासखाली रेषा गेली तेव्हा तिला वाटलं, ही थांबणारच नाही. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. आणि तिथं ती थांबली. मुळात ती अठ्ठावन्नला असायची. मधलं जे गेलं, ते त्या सपाट रविवारांत गेलं होतं, जे त्रिशलाने पुण्य म्हणून मोजले होते.

दसऱ्याला चंदना घरी आली. आईला ओरडायचं ठरवून आली होती, पण सगळं ऐकल्यावर तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिने स्वतःच मोबाइल तांब्याला टेकवला.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. दोघी दुपारभर बघत होत्या. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. रेषा मेल्यासारखी सरळ.

"खाल्लं नसेल," त्रिशला म्हणाली.

"किंवा मग..."

"बोलू नको."

तो आठवडा कसा गेला, ते त्या दोघींनाच ठाऊक. ऑफिसात त्रिशलाने दोनदा पातळी चुकीची सांगितली. परक्या, मांसाहारी, कधी न बघितलेल्या पोरीच्या घरी मटण शिजावं म्हणून ती रोज सकाळी बस्तीत हात जोडून उभी राहायची. देवाला काय वाटलं असेल ते असो, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी चंदनाला पुण्याला परतायचं होतं, पण तिने संध्याकाळची गाडी घेतली. दुपारची जेवणं उरकली. त्रिशला भांडी विसळत होती. शेजारच्या पद्मावतीकाकू डबा परत करायला दारात आल्या होत्या.

"आई," चंदना आतून म्हणाली. "आई, ये."

एकोणपन्नास. त्रिशला ओल्या हातानेच वाकली. एक्कावन्न. बावन्न. मग चोपन्न, आणि रेषेला तो ओळखीचा बाक आला. टेकाड पूर्वीपेक्षा बुटकं होतं, जरा वाकडंही होतं, पण टेकाडच होतं. आत काहीतरी राखून होतं.

"खाल्लं!" त्रिशला ओरडली. "खाल्लं गं पोरीनं! मटण खाल्लं!"

दारातून डबा पडल्याचा आवाज आला. पद्मावतीकाकू चंदनाकडे असं बघत होत्या की चंदनाला हसू आवरेना, आणि मग त्रिशलालाही. कितीतरी दिवसांनी त्या घरात दोघी एकदम हसल्या. काकूंना काय सांगायचं ते ठरेना, म्हणून त्यांच्या हातात पुन्हा भरलेला डबा देऊन त्यांना वाटेला लावलं.

दुपार कलली तशी रेषाही निवांत उतरू लागली, पोटभर जेवून माणूस आडवा व्हावा तशी. त्रिशला शेवटपर्यंत तिच्यासोबत बसली. रेषा सत्तेचाळीसवर आली तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. तिने ते बटण उघडलं. 'जोडीदार काढा. ही जोडणी पुन्हा मिळणार नाही. नक्की?'

चंदनाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्रिशलाने मोबाइल दोन्ही हातांत घेतला. तो गरम झाला होता, दिवसभर चालू राहिलेला मोबाइल होतो तसा. लग्नानंतर पंचवीस वर्षं भरतेश पेढीवर निघाला की ती दारातून एकच गोष्ट सांगायची. तीच तिने आता सांगितली, त्याला, आणि तिलाही.

"वेळेवर जेवत जा," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.